पट्टा शेवटपर्यंत ओढून

पंधराशे रुपये. नुसतं बघायचे.
उल्हासभावजी म्हणाले, मला काय डोळे नाहीत?
त्यांनी बॉनेट उघडलं, बॉनेट लावलं,
टायरला लाथ मारली
आणि म्हणाले, फर्स्ट क्लास.

पर्वरीला, हायवेच्या कडेला,
गाडी इतकी चकचकत होती
की तिच्या दारात मला माझे पिकलेले केस दिसले.
शेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलेली बाई मी,
शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं
ब्युरेट धुतलेली.
एवढं कळतं : काच स्वच्छ दिसते आणि स्वच्छ असते
यांच्यामध्ये ॲसिडचा एक हात फिरावा लागतो.
म्हणून साखळीहून बाबुसो च्यारींना आणलं.
बसचं भाडं वेगळं.

इंजिनाकडे त्यांनी आधी पाहिलंच नाही.
मागच्या सीटवर बसले, पाहुण्यासारखे,
सीटबेल्ट धरला
आणि ओढत राहिले, ओढत राहिले,
जिथवर कोणी कधी ओढत नाही तिथवर.
शेवटच्या वीतभर पट्ट्यावर
तांबूस रेघ. सरळ. पाण्याने आखलेली.
नखाने खरवडून माती बोटांत चुरली, वास घेतला.
"वाळवंटीची," म्हणाले.
विकणारा म्हणाला, गाडी म्हापशापलीकडे
एकदाही गेलेली नाही.
च्यारी काही बोलले नाहीत.
नदी गावात आली त्या साली
त्यांच्या गॅरेजात कमरेएवढं पाणी होतं,
पान्ह्यांचा सेट ते आठवडाभर गाळात चाचपत होते,
हे त्यांनी मला परतीच्या बसमध्ये सांगितलं,
खिडकीकडे बघत.

दुसरी गाडी हळदोण्यात,
एर्मेलिंडा फुर्तादो यांच्या अंगणात,
फणसाखाली, टपावर चीक आणि पाखरांची शीट.
बाई लिस्बनला लेकीकडे निघालेल्या,
घरातल्या खुर्च्यांवरही किमतीच्या चिठ्ठ्या.
च्यारी पाठीवर झोपून गाडीखाली गेले.
बराच वेळ नुसत्या त्यांच्या चपला दिसत होत्या
आणि स्क्रूड्रायव्हरची टकटक ऐकू येत होती,
शहाळं वाजवून बघतात तशी.
मग उठून डाव्या दारावर तळवा फिरवला :
"हांगा रंग मागीर मारला."
इथला रंग नंतरचा आहे.

बाई ओशाळल्या नाहीत.
म्हणाल्या, नवऱ्याने फाटकाला घासली होती.
तीस वर्षांचं फाटक, त्या दिवशी त्याला दिसलंच नाही.
तेव्हा कळलं आम्हाला, डोळ्यांमागे काय वाढतंय ते.
पुढे चार वर्षं गाडी फक्त
बांबोळीच्या इस्पितळात जायची आणि यायची.
च्यारींनी दारावरचा हात काढून घेतला,
पँटला पुसला.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी
अकरा कलमं लिहिली.
क्लच : एक वर्ष. बॅटरी : आजच मेली समजा.
किमतीतून सतरा हजार उतरले.
पंधराशे वसूल, भावजी, म्हटलं.

आणि दोन महिन्यांनी, मे महिन्याच्या भर दुपारी,
अस्नोड्याच्या पुलावर ए.सी. गेला.
कॉम्प्रेसर. सोळा हजार.
सगळी वजाबाकी करून मी पाचशेने तोट्यात.
भावजी इतके हसले की चहा नाकातून आला.
च्यारींना फोन केला. ते म्हणाले,
"बाय, हांवें त्या दिसाची गाडी पळयली."
मी त्या दिवसाची गाडी पाहिली.

ते पान अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.
चढावर, तिसऱ्या गिअरला, डावीकडून खडखड येते,
शेजारी बसलेलं माणूस दचकतं.
मी दचकत नाही. कलम सात :
"हा आवाज राहणार. भिऊ नये."

सीटबेल्ट मात्र, कोणाच्याही गाडीत बसले तरी,
हल्ली शेवटपर्यंत ओढून बघते.
ओढताना बाहेर बघत राहते,
मालकाच्या लक्षात येऊ नये म्हणून.