तळ्याचा ताळा

पाणी इतकं नितळ झालं होतं त्या वर्षी
की वल्ह्याची सावली तळाच्या दगडांवर दिसायची.
उन्हाळ्यात स्टॉकहोमचे पाहुणे म्हणायचे, काय सुंदर!
आम्ही गप्प.
जाळं टाकलं की नुसतं जाळंच वर यायचं.

मंडळाची बैठक यालमारच्या नौकाघरात,
डांबराचा वास, थर्मासातली कॉफी.
इंगेयार्डबाईंनी, चाळीस वर्षं रसायन शिकवलेल्या,
दोरखंडाच्या पावतीमागे पेन्सिल टेकवली.

सामू साडेचार.
म्हणजे लिटरमागे आम्ल
चिमटीच्या चिमटीहूनही कमी.
आणि लिटर?
बत्तीस कोटी.
गुणाकार झाला: दहा हजार मोल.
"आता भागिले दोन."
"दोन का?" यालमार.
"चुनखडीचा एकेक घटक
आम्लाच्या दोघादोघांना पदरात घेतो.
हे विसरलास तर दुप्पट पोती आणशील,
तीही मंडळाच्या पैशानं."
पाच हजार मोल. मोलाला शंभर ग्रॅम.
पन्नास किलोची दहा पोती.
उत्तराखाली दोन रेघा.

एवढंच?
सगळं तळं मेलं, आणि दहा पोती?

मे महिन्यात दोन होड्यांतून टाकली.
वारा फिरला, सिग्वार्ड पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा.
ना फसफस, ना वाफ.
फक्त पाणी दुधट झालं
आणि कित्येक वर्षांनी तळ दिसेना.
पंधरवड्यानं सामू साडेसहा.
त्या रात्री यालमारनं अकॉर्डियन काढला. वाईट वाजवतो.

पुढच्या वसंतात बर्फ वितळला.
सामू पुन्हा पाचाच्या खाली.
यालमार पावती घेऊन बाईंच्या दारात:
"गणित चुकलं."
त्यांनी चष्मा लावला, ताळा करून पाहिला.
"चुकलं नाही.
हे त्या दिवसाच्या तळ्याचं होतं.
समुद्रापलीकडे कोण धुराडी पेटवतं,
बर्फात काय बांधून धाडतं,
ते मांडायला माझ्याकडे अक्षर नाही."
मग कोपऱ्यात, जिथे मुलं हातचा लिहितात,
बारीक अक्षरात लिहिलं: दर वर्षी.

पावती आता माझ्याकडे आहे, घडीवर फाटलेली.
एप्रिलमध्ये मीच आकडे बसवतो.
एकदा भागिले दोन विसरलो,
मध्यरात्री उठून खोडलं.

काल जाळ्यात
बोटभर मासा, पाठीवर पट्टे.
वहीत धरला नाही.
सोडून दिला.