फट

उजव्या कानाला मधलं रबर बसतं.
डाव्याला तेच रुततं, आणि छोटं गळून पडतं.
एकाच आईचे कान, मापं निराळी.

रुवैसच्या खोलीत एसी रात्रभर घुरघुरतो,
गाणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी.
आवाज वाढवायचा, मग डोकं ठणकायचं.

रोमेल म्हणाला, आवाज नको वाढवू, फट बुजव.
कंप्रेसरजवळ आम्ही घालतो ते पिवळं बूच घेतलं,
तापल्या तारेनं आरपार भोक पाडलं,
नळीवर चढवलं.
"चिमटीत दाब. कान वर ओढ, जरा मागे. घाल.
आता वीस मोज."

सतरापर्यंत आलो असेन,
एसी विझला.
डग्गा पहिल्यांदा छातीत उतरला.

मग कुंदाचा निरोप लावला, रोजचाच.
"सगळं बरंय, काळजी नको."
तिच्या आवाजामागे, खाली, अगदी बारीक
शिलाई मशीन.
इथे दहा, म्हणजे तिथे साडेअकरा.
"बरंय" म्हणण्यापुरतं पायडल थांबलं,
नंतर पुन्हा सुरू.

जुन्या रबरांनी किती महिने ऐकलं मी हे बरंय.

रोमेलनं लांबूनच अंगठा हलवून विचारलं, बसलं?
बसलं, म्हटलं.
घट्ट बसलं.