हातचा

परिपत्रकात आमची शाळा एका ओळीत मावली:
अनुक्रमांक तेवीस, पट सतरा, समायोजन प्रस्तावित.
नवी शाळा आठशे ऐंशी मीटरवर,
म्हणजे नियमाच्या आत, किलोमीटरच्या अलीकडेच.
नकाशावर पट्टी ठेवली की
कालवा आड येत नाही,
शंकरशेठ रस्ता आड येत नाही,
मार्केट यार्डाकडे वळणारे कांद्याचे ट्रकही नाहीत.

व्यवस्थापन समितीच्या बैठकीला
बारापैकी चौघं आले.
इतिवृत्त मीच लिहीत होते,
लिहिण्यासारखं फारसं नव्हतं.
विषय क्रमांक दोनवर रेहाना तांबोळी,
जी आजवर फक्त सही करून
ब्लाउजांच्या घाईत परत जायची,
पिशवीतून टेप काढत म्हणाली,
“बाई, ह्यांनी माप कुठनं घेतलं?
आम्ही तर अंगावरनं घेतो.”

शनिवारची सकाळची शाळा रस्त्यावर भरली.
दीड मीटरची टेप, दोन टोकांना दोन पोरं,
शेवंता लोंढे वाकून वाकून खडूची रेघ मारतेय.
दत्तू अवघडे हमालीचा खाडा करून आलेला,
मोजायचं काम त्याचं,
पोत्यांची सवय, चुकायचा नाही.
चौकात घोलपमामांनी शिट्टी फुंकली.
पीएमटीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली त्यांना,
तरी एक बस खरंच थांबली.
ड्रायव्हर ओरडला, “काय मोजताय?”
दत्तू म्हणाला, “शाळा.”

नऊशे बारा टेपा.
पलीकडच्या फाटकाशी, फरशीवरच गुणाकार मांडला.
पुढं आली मोनाली,
जिच्या नावापुढं मी दोन वर्षं
‘अपेक्षित पातळीच्या खाली’ लिहीत आले.
पाच दुणे दहा, शून्य लिहा, हातचा एक.
मोठी माणसं गप्प. दत्तूची बोटं पेरांवर चाललेली.
एक हजार तीनशे अडुसष्ट मीटर.
परत येतानाही मोजलं, तीन टेपा जास्त भरल्या.
शेवंता म्हणाली, “कमीचा आकडा लिहा.
आपल्याला कमीही पुरतंय.”

आवकच्या खिडकीत कारकुनानं विचारलं,
टेप प्रमाणित आहे का?
रेहाना म्हणाली, “तुमच्या मिसेसना विचारा,
माझा ब्लाउज कधी उसवला का.”
मग शिक्का बसला.
महिन्यानं एक साहेब आले, गाडीनं.
गाडीच्या मीटरकडं बघितलं, काही बोलले नाहीत,
पाणी मात्र मागून घेतलं.
आमच्या नळाला त्या दिवशीही पाणी नव्हतं.

आता आदेश आलाय: पुढील आदेशापर्यंत स्थगिती.
ह्याला जिंकणं म्हणतात का, मला माहीत नाही.
मतदार याद्यांचं काम माझ्या पिशवीत तसंच आहे,
तिसरीच्या वर्गाचं छत तसंच.
पण पुढच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या,
आणि चौकातली कोथिंबीरवाली,
जिनं त्या दिवशी टेपेसाठी आपली टोपली सरकवली होती,
दोन पोरं हाताला धरून आली.
“हितंच घाला,” म्हणाली, “हितली माणसं मोजत्यात.”

पट एकोणीस. नियमाला वीस हवेत.
रोज हजेरीत एकोणिसाव्या नावाखाली
माझं पेन जरा थबकतं,
आणि मागच्या बाकावरून मोनाली
पुस्तकातून डोकं वर न काढता सांगते,
“हातचा एक, बाई.”