ओगोह-ओगोह, सहावी ब

नकाशात बाली सापडायलाच अर्धा तास गेला.
मोक्षदाच्या बोटाखाली बेट झाकून जात होतं.

नारळाची झावळी इतवारीत कुठून आणणार?
निनाव्यांच्या रुद्रनं नाल्याकाठची शिंदी तोडून आणली,
हातभर ओरखडे, वर म्हणाला, "काटे फुकट भेटले, मॅडम."
वेड्यावाकड्या चौकोनी टोपल्यांत आम्ही
पळसाची फुलं ठेवली, संत्र्याची साल, चार दाणे भात.
"हा तं द्रोणच व्हय," शाहिस्ता म्हणाली.
मागून कुणीतरी : पळसाला पानं तीनच!
मी हो म्हटलं. मग नाही म्हटलं.
ही टोपली तिकडे रोज नवी विणतात,
उंबऱ्याशी ठेवतात, कोंबड्या येऊन दाणे टिपतात
आणि त्यांना कुणी हाकलत नाही.

सणाच्या बांबूचं टोक त्यांचं वाकलेलं का,
आपल्या गुढीचं ताठ का,
हे मला सांगता आलं नाही.

राक्षस मात्र समजावून सांगावा लागला नाही.
सुळे, बटाट्याएवढे डोळे, लोंबती जीभ,
"बडग्या!" अख्खा वर्ग ओरडला.
तान्ह्या पोळ्याला हीच पोरं बापाच्या खांद्यावरून
घेऊन जा गे मारबत, करत गेलेली.

रद्दी, खळ, केसांना कूलरची जुनी खस.
पोटात ज्यानं त्यानं एकेक चिठ्ठी कोंबली.
वाचणार नाही म्हणून मी शब्द दिला होता.
एक सांडली : गणित.
दुसरी, डावीकडे कललेल्या अक्षरात :
रात्री दार वाजते ते.
घडी घालून मी ती खोल आत सारली.

मैदानात राक्षस जळला. शिपाई ढोके बादली घेऊन उभे.

"दुसऱ्या दिवशी तिथं दिवा नाही, चूल नाही,
रस्त्यावर माणूस नाही, विमानसुद्धा उतरत नाही."
"कूलर पण बंद?"
"कूलर पण."
"मंग ते जगते कसे, जी?"

आम्ही एकच तास ठरवला. शेवटचा.
पाचव्या मिनिटाला रुद्रला उचकी लागली,
दहाव्याला सगळी बाकं हसून हसून हलली, बिनआवाज.
मग बाहेरचा भंगारवाला ऐकू आला,
मग तोही गेला.
तिसऱ्या बाकावर
डावीकडे कललेल्या अक्षराची मुलगी
दप्तरावर गाल टेकून झोपली होती,
तोंड थोडं उघडं.

ढोके घंटेकडे निघाले.
मी दारातूनच हात केला :
थांबा.