हरकत क्रमांक एकशे बारा

माझं नाव विनिफ्रेड ऑग्डन. वय एक्याऐंशी.
राहणार नेटल स्ट्रीट, घर नंबर नऊ,
कॅप्स्टन पबच्या बरोब्बर समोर.
तीन मिनिटं दिलीत, आभारी आहे.
दिवा लाल झाला की थांबेन.

आधीच सांगते, मी दारूला शिवलेली नाही.
अकराव्या वर्षी चॅपलमध्ये शपथेवर सही केली,
ती अजून मोडलेली नाही.
माझ्याआधी डेझमंड स्केफ जे बोलला
पार्किंगबद्दल, कचऱ्याच्या डब्यांबद्दल
आणि वळचणीला राहणाऱ्या पाकोळ्यांबद्दल,
ते बरोबरच असेल.
माझं म्हणणं वेगळं आहे.

त्या पबचा मी चाळीस वर्षं राग राग केला.
शुक्रवारी पगार व्हायचा.
नवरा गोदीतून पाचला सुटायचा,
तिथून आमचं दार सात मिनिटांवर,
आणि ती सात मिनिटं रात्री अकराला संपायची.
बायकांना पुढच्या खोलीत मज्जाव.
मी पोराला बाबागाडीत घालून बाजूच्या खिडकीशी उभी राहायचे.
काचेवर नांगर कोरलेला होता, त्याच्या कडेने
नवऱ्याचं कोपर दिसायचं. फक्त कोपर.
कोपरावरून मला कळायचं कितवा ग्लास चाललाय.
जळो ते घर, असं मी म्हटलंय.
चॅपलमध्ये. मोठ्याने नाही, पण म्हटलंय.

मग आज इथे कशाला तडमडले?

आमच्या गल्लीत टेलिफोन एकच होता,
बारच्या टोकाला, कोटांच्या खुंट्यांखाली.
नोव्हेंबरातली रात्र. वर उत्तरेला, बर्फाच्या समुद्रात
'एथेल मे' तीन दिवस काही बोलत नव्हती.
बोटीवर माझा धाकटा भाऊ, वीस वर्षांचा,
खलाशांचा स्वयंपाकी.
त्याला अंडंसुद्धा धड उकडता यायचं नाही.
त्या रात्री आम्हांला कोणी अडवलं नाही.
बायका आत शिरल्या, डोक्याला रुमाल, पायांत घरातल्या सपाता,
थेट पुढच्या खोलीत, पुरुषांच्या बाकांवर.
पबवालीने, मिसेस थ्रेलफॉलने, चहा दिला बियरच्या ग्लासांतून,
एवढे कप आणणार कुठून.
नवरा उठला आणि त्याने मला जागा दिली.
आयुष्यात त्याने मला दिलेली ती पहिली खुर्ची.
पहाटे चारला फोन वाजला.
कोणी उचलेना.
मी उचलला.

त्यानंतरही मी पबचा राग केलाच.
शुक्रवार काही बदलले नाहीत.

तुमचा नकाशा मी भिंग लावून पाहिला.
फ्लॅट नंबर चार. फोन होता तिथे आता शॉवर येणार.
शॉवरविरुद्ध मला काही म्हणायचं नाही.
तरुण माणसांना कुठेतरी राहायला हवंच,
माझी नात बत्तिशीतही आईच्या माळ्यावर झोपते,
आणि हे फ्लॅट तिला परवडणार नाहीत, तेही मी विचारून आले.
पण इमारतीला तुम्ही नाव देणार म्हणे 'कॅप्स्टन कोर्ट'.
माणूस मारायचा आणि त्याचंच नाव पोराला ठेवायचं,
ह्याला चॅपलमध्ये एक शब्द होता,
थांबा, आत्ता आठवेल, तो शब्द

*

इतिवृत्तात लिहिलंय: हरकत नोंदवली.
मुद्दा भावनिक. नियोजनाच्या कक्षेत बसत नाही.

निकाल पुढच्या महिन्यात.
बाहेर पाऊस नव्हता, नुसता वारा होता, माशांच्या वासाचा,
जरी मासे येऊन तीस वर्षं झाली.
डेझमंड म्हणाला, चल विनी, लेमोनेड तरी घे.
छप्पन्न वर्षांनी मी पुढच्या दाराने
दुसऱ्यांदा आत गेले.
फोन कधीच काढलाय. भिंतीत चार भोकं आहेत स्क्रूची.
खुंट्या आहेत.
मी कोट काढला आणि टांगला.