दीड वीत

डॉक्टर खानझोड्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे
पेनानं आतडं काढलं, इतवारीच्या गल्ल्यांसारखं,
आणि शेवटच्या वळणावर काट मारली.
एवढं गेलं. दीड वीत.
बी-ट्वेल्व्ह तिथूनच आत यायचं.
आता ते दार बुजलं.
दंडातून घ्यावं लागेल, दर महिन्याला,
जन्मभर म्हणा.

आजा मागावर बसायचा. तुटलेला धागा
थुंकी लावून चिमटीत वळायचा,
सांधा दिसायचा नाही.
माझा दिसतो. बेंबीवरून खाली
लुगड्याच्या काठासारखा सरळ.

आमचं भोजनालय पाचपावलीत.
सकाळी सहाला बाबा मसाला भाजायला घेतात
आणि अख्खी गल्ली शिंकते.
मी गल्ल्यावर. गिऱ्हाईक कपाळ पुसत विचारतं,
आज तर्री जरा फिकीच लागते, नाही?
मी म्हणतो, हो ना.
चार वर्षं झाली, थेंब नाही जिभेवर.

माझा डबा खाली, पायांशी.
मऊ भात, मुगाचं पाणी, कुस्करलेला दुधी.
पुण्याची डायटिशियन फोनवर म्हणाली, सांबार बंद.
म्हटलं, मॅडम, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.
ती जरा थांबली. मग म्हणाली,
तीही बंद.

मे महिना. सेहेचाळीस अंश. डांबर चपलेला धरून ठेवतं.
रिपोर्टात डी जीवनसत्त्व: नऊ.
लॅबमधली पोरगी म्हणते, काका, उन्हात बसत जा ना थोडं.
या गावात!
दुपारी कुत्रीसुद्धा गाडीखालून निघत नाहीत.
तरी बसतो, आठच्या उन्हात, गच्चीवर, उघडा.
आई वाळवण घालायला येते
आणि माझ्या बरगड्यांकडे न बघता परत जाते.
रविवारी पाकिटातली भुकटी, साठ हजार युनिट.
आकडा ऐकून बाबा म्हणाले,
एवढ्यात तर जुनी स्कूटर येते.

लोहाच्या गोळीनं सगळं काळं होतं.
मग ते रक्त आहे का गोळी, कळत नाही.
संडासात वाकून बघत राहतो
आजा विणीतली चूक शोधायचा तसा.
शेवटी सलाईनमधून दिलं लोह,
कोऱ्या चहाच्या रंगाचं,
धंतोलीत, अडीच तास, बाजूच्या खाटेवरचा म्हातारा
मोबाइलवर मोठ्यानं कीर्तन ऐकत होता.

आणि मागच्या वर्षी दोन इंजेक्शनं चुकवली मी,
बरं वाटत होतं म्हणून.
गोळीबार चौकातून घरी आलो
तर एका पायात चप्पल नव्हती.
तळव्याला रुपयाएवढा फोड.
कधी भाजलं, ठाऊक नाही.
आईनं पाय मांडीवर घेतला, काही बोलली नाही.
मी तिचा हात बघत होतो. लागत नव्हता.

बाबांना कोणीतरी सांगितलं, बी-ट्वेल्व्ह कलेजीत असतं.
तेव्हापासून दर बुधवारी
मोठ्या भगोन्याच्या बाजूला एक छोटं भगोनं.
बिनमिरचीचं, बिनमसाल्याचं.
पन्नास वर्षं चाळीस माणसं रडवणारा हात
कलेजी उकडतो, वाटतो, धोतराच्या फडक्यातून गाळतो,
आणि समोर उभा राहतो.
अंगाले लागते ना?

खानझोडे काय म्हणाले होते ते मी घरी सांगितलेलं नाही.
कलेजी खा, नाही तर हत्ती खा,
त्या दारातून आता काही जायचं नाही.
दोन चमचे खातो.
लागते ना, बाबा.

पहिल्या तारखेला मेश्राम सिस्टर येतात, ड्यूटीवरून परतताना.
काचेची कुपी फोडायच्या आधी टिचकी मारतात.
आत लालभडक.
परवा बाबांनी ती त्यांच्या हातातून घेतली,
ट्यूबलाइटसमोर धरली,
थोडी तिरकी केली,
वर तवंग येतो का बघतात तशी.
रंग मस्त आला, म्हणाले.