स्तर-चाचणी

मे महिना. भाषा विभागाचा वरचा मजला.
कूलरमध्ये पाणी भरायची पाळी आज माझीच.
बेचाळीस जण, बेचाळीस छापील कागद
आणि फळ्यावर माझ्या अक्षरात एकच सूचना:
खरं लिहा, इथे नापास कुणी होत नाही.

ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे.
एक ते पाच, गोल करा.
मागच्या पानावर: स्पॅनिश शिकायला कुठलं यंत्र वापरलं,
किती दिवस, अनुभव कसा.

वाचण्याला सगळ्यांनी सढळ हाताने चार दिलेत.
बोलण्यापाशी पेनं अडखळलीत;
कुणीतरी दोनाभोवतीचा गोल इतका गिरवलाय
की तो मागच्या पानावर उमटलाय,
अनुभवाच्या रकान्यात.

तृप्ती हेडाऊ, पाचपावली.
चारशे अकरा दिवस, एकही खाडा नाही.
भाऊ मेडिकलला भरती होता त्या रात्रीही
वॉर्डाच्या पायरीवर बसून तिने धडा संपवला.
मुलगा सफरचंद खातो, हे ती झोपेतही सांगेल.
मी त्या भाषेत विचारलं, तुझं नाव काय?
ती थांबली. पंख्याकडे पाहिलं.
‘मॅडम, पर्याय द्या ना,’ म्हणाली, ‘चार.’
मग आम्ही दोघीही हसलो,
आणि तिकडे ह मुका असतो,
तिथे तू एदाऊ होशील,
हे सांगायचं राहूनच गेलं.

प्रज्योत खोब्रागडे फोनला म्हणतो ‘कुत्रा’,
फोन ऐकतो ‘पण’.
र पुरेसा थरथरत नाही.
‘बुटीबोरीच्या बसमधी सराव करून पाह्यला मॅडम,
बाजूचा माणूस उठूनच गेला ना.’
त्याला म्हटलं, ‘मी बोलत आहे’ कसं म्हणशील?
तो स्वतःशीच पुटपुटला, ‘बोलून राहिलो...
एस्तोय आब्लान्दो.’
शब्दावर शब्द बसला, झाकणासारखा.
वीस वर्षं मी हे ‘राहिलो’ मुलांच्या तोंडून खोडत आले,
शुद्ध बोल रे, म्हणत.
शेजारीण इतकी वर्षं भिंतीपलीकडेच राहत होती
आणि मी तिला पत्ता विचारत गावभर फिरले.
तक्त्यात याला रकाना नाही.

एकीने वय सांगताना न वरची लाट विसरली,
अर्थ असा झालाय की इथे लिहिता येत नाही.
कीबोर्डावर ते अक्षर सापडत नाही, अशी तिची तक्रार.
आपल्याकडे आहे की, ञ.
पहिलीपासून रांगेत उभं,
कुणी हाक मारत नाही म्हणून गप्प.

शेवटचा कागद ठवकरांचा.
वय बासष्ट, पोस्टातून निवृत्त,
अक्षर पाकिटावरच्या पत्त्यासारखं, सुटं सुटं.
ऐकणे: दोन. बोलणे: खोडलंय.
यंत्राचा अनुभव: ‘व्हिडिओ कॉल, दर रविवारी साडेसातला.
लेक वालेन्सियाला असते. नातू साडेतीन वर्षांचा.
चित्र अडकते, आवाज पुढे जाते.
तो मला आबुएलो म्हणते.
त्यातलं दीड अक्षर मला येते, आबा मधलं.
बाकीच्यासाठी अर्ज केला आहे.’

एक ते पाचमध्ये दीड नसतो.
मी पेन्सिलीचं टोक एक आणि दोनच्या मध्ये
बराच वेळ धरून ठेवलं.

तोंडी परीक्षेला ते आले, चप्पल दाराबाहेर काढून.
मी प्रश्न विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं:
‘पुन्हा म्हण बेटा, हळू म्हण,
हे कसं म्हणते तिकडे?’
ओत्रा बेथ, म्हटलं. देस्पाथिओ.
त्यांनी कागदाच्या कोऱ्या कडेला देवनागरीत उतरवलं,
थ खाली दोन रेघा ओढल्या,
आणि तो कागद मला परत द्यायचं विसरून
जिना उतरत गेले, तेच दोन शब्द म्हणत,
प्रत्येक पायरीला एकदा.

यादीत आता एक्केचाळीसच कागद आहेत.
कूलर कोरडा फिरतोय.
ठवकरांची पातळी मी अजून भरलेली नाही.